ओळींमधलं अंतर

वाल्दिव्हियातल्या आमच्या दैनिकाचं पहिलं पान
फोनवर उघडायला अकरा सेकंद घ्यायचं,
आणि उघडलं की गादीची जाहिरात.
बातमी त्या गादीखाली कुठेतरी निजलेली.

म्हणून मार्चमध्ये मी पाच वाचक बोलावले,
कॉफी आणि सफरचंदाच्या केकच्या बोलीवर.
फोन हातात दिला, म्हटलं,
कोर्रालला जाणारी उद्याची पहिली बोट किती वाजता, शोधा.
मी बोलणार नाही. नुसती बघेन.

नुसतं बघणं अवघड असतं.
डॉन एलेउतेरिओ, चाळीस वर्षं नदीवर बोट चालवलेले.
अंगठा जुन्या दोराच्या गाठीसारखा,
आणि जाहिरात मिटवायची फुली तिळाएवढी.
त्यांनी दाबली. गादी उघडली.
परत दाबली. परत गादी.
धुक्यात किनारा शोधताना करत असतील
तसे डोळे बारीक करून म्हणाले,
"माफ कर पोरी, मला हे जमत नाही."

माफी त्यांनी मागितली.
फुली मी काढली होती.

मग मी एकेक काढत गेले.
सरकत्या पट्ट्या, लुकलुकणारा लाल ठिपका,
एकाच पानावरचे चार टाइप,
राखाडीवर लिहिलेलं राखाडी.
बोटींची वेळ वर डाव्या कोपऱ्यात आणली, मोठ्या अक्षरांत.
समास रुंद केले.
येर्को, आमचा संपादक, पडद्यासमोर कपाळाला हात लावून:
"एवढी कोरी जागा? भाडं न येणारी खोली आहे ती!"
मी म्हटलं, खोली नाही, खिडकी आहे.
हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.
आता तितकंसं नाही.

जूनमधल्या त्या रात्री
मच्छीमारांची एक बोट परतली नाही.
पावणेतीनला नौदलाच्या कचेरीतून नावं आली.
सात.
माझ्या नीटनेटक्या साच्यात त्यांना घर नव्हतं.
साचा मागत होता एक फोटो,
साठ अक्षरांत मथळा,
वाचायला लागणारी मिनिटं.
आणि सातव्या नावाखाली, आपण होऊन,
त्यानं मांडलं होतं: तुम्हाला हेही आवडेल.

मी आधी ते उपटलं.
मग फोटोची चौकट. मग मिनिटं.
उरली नावं, एकाखाली एक, चिकटून,
किराण्याच्या यादीसारखी.
मी ओळींमधलं अंतर वाढवलं.
दीडपट. दुप्पट. अजून थोडं,
प्रत्येक नावाला एकटं उभं राहता यावं इतकं,
आणि कुणाचा अंगठा
शेजारच्याच्या नावावर पडू नये इतकं.
येर्को मागे उभा होता. त्या रात्री
भाड्याचं काही बोलला नाही.

सकाळी आकडे पाहिले. रोजची सवय.
एक फोन त्या पानावर एकोणीस मिनिटं थांबलेला.
खाली सरकला नाही, वर नाही.
आमच्या तक्त्यात अशा थांबण्याला
'चांगला प्रतिसाद' असं नाव आहे.

दुपारी फोन वाजला.
डॉन एलेउतेरिओ.
"सापडलं," म्हणाले. "या वेळी लगेच सापडलं.
चौथं नाव. रोसामेल. माझ्या भावाचा मुलगा."
पलीकडे केटली शिटी मारत होती,
ती कुणी उतरवत नव्हतं.
मग त्यांनी विचारलं,
कोर्रालला जाणारी आता पहिली बोट किती वाजता.

ते पानावर होतं.
वर, डाव्या कोपऱ्यात, मोठ्या अक्षरांत,
त्यांच्याच अंगठ्याच्या मापानं बसवलेलं.

मी तोंडानं सांगितलं.
दोनदा सांगितलं.